एक ओळख, ४२ यंत्रं : प्रयोगशाळेच्या मध्यवर्ती लॉगिनच्या प्रकल्प नोंदी

१० जून २०२४, सोमवार

मे महिन्यात सबमिशनच्या आदल्या दिवशी तृतीय वर्षाची एक मुलगी रडत प्रयोगशाळेत आली होती. तिचा प्रोजेक्ट यंत्र क्रमांक १७ वर, डेस्कटॉपवरच्या 'बी बॅच' नावाच्या फोल्डरात होता. सकाळच्या बॅचमधल्या कुणीतरी डिस्कवर जागा करायला तो फोल्डर उडवला. कुणी, ते शोधायला मार्गच नव्हता. आमच्या ४२ यंत्रांवर विद्यार्थ्यांसाठी एकच खातं आहे, 'स्टुडंट', आणि त्याचा पासवर्ड आवारात प्रत्येकाला पाठ आहे. यंत्राच्या लेखी सकाळचा मुलगा आणि दुपारची मुलगी एकच माणूस. डिस्क काढून दोन रात्री बसलो, निम्म्या फायली हाती लागल्या, बाकीचं तिने पुन्हा लिहिलं.

आज विभागप्रमुख मॅडमनी मध्यवर्ती लॉगिनला मंजुरी दिली. ज्याचं त्याचं खातं, कोणत्याही यंत्रावर बसलं तरी आपल्या फायली समोर. खर्च शून्य, जुना सर्व्हर वापरायचा. जुलैच्या मध्याला तासिका सुरू होतात, त्याआधी पहिली बॅच आत बसली पाहिजे.

१२ जून, बुधवार

दोन्ही प्रयोगशाळांतली (२६ + १६) यंत्रं एकेक उघडून खाती मोजली. सगळीकडे डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आहे, हे एक बरं. प्राध्यापकांची खाती मात्र जसजशी गरज पडली तसतशी कुणीकुणी हाताने काढलेली. परिणामी १००१ हा वापरकर्ता क्रमांक १७ यंत्रांवर एका सरांचा आहे, ९ यंत्रांवर दुसऱ्या मॅडमचा, आणि ३ यंत्रांवर चार वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा.

लिनक्समध्ये फायलीवर मालकाचं नाव लिहिलेलं नसतं, क्रमांक लिहिलेला असतो. नाव दाखवायची वेळ आली की यंत्र आपल्या यादीत तो क्रमांक शोधतं. म्हणजे उद्या सगळ्यांची घरं (ज्याच्या त्याच्या फायलींचे फोल्डर) एका सामायिक डिस्कवर नेली, तर एका सरांची प्रश्नपत्रिका दुसऱ्या यंत्रावर दुसऱ्याच व्यक्तीच्या मालकीची दिसेल आणि तिला ती उघडताही येईल. म्हणून सर्व्हरच्या आधी क्रमांकांचा निर्णय.

ठरलं ते असं. डिरेक्टरीतले (सर्व्हरवरच्या खात्यांच्या मध्यवर्ती यादीतले) क्रमांक २०००१ पासून सुरू. यंत्रावरची स्थानिक खाती १००० पासून असतात, त्यांच्याशी गाठ पडत नाही. वरची मर्यादा ५९९९९, कारण ६११८४ ते ६५५१९ हा पट्टा सिस्टिमडी (लिनक्समधल्या सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम) तात्पुरत्या सेवांसाठी वापरतं आणि ६५५३४ हा 'कुणीच नाही' या वापरकर्त्याचा. एकदा दिलेला क्रमांक तो विद्यार्थी पास होऊन गेला तरी पुन्हा कुणाला द्यायचा नाही. जुन्या बॅकअपमध्ये त्याच्या फायली त्याच क्रमांकाने पडून असतात.

पीआरएन (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक) हाच वापरकर्ता क्रमांक म्हणून का नको, असं एका सरांनी विचारलं. आमचा पीआरएन लांबलचक, आणि वापरकर्ता क्रमांक ३२ बिटांचा, म्हणजे ४२९४९६७२९५ च्या पुढे जात नाही. लॉगिनचं नाव म्हणूनही पीआरएन नको. निव्वळ आकड्यांचं नाव असलं की मालक बदलणाऱ्या आज्ञेला ते नाव आहे की क्रमांक हा संभ्रम पडतो. लॉगिन अक्षरांनीच सुरू होणार: शाखेची दोन अक्षरं, प्रवेशाचं वर्ष, तीन आकडी अनुक्रम. सीओ२३०४५ असं.

१४ जून, शुक्रवार

डिरेक्टरी चालवायला फ्रीआयपीए की ओपनएलडॅप, यावर दोन दिवस घातले. फ्रीआयपीएमध्ये डिरेक्टरी, कर्बेरॉस (जाळ्यावर ओळख पटवायची पद्धत), प्रमाणपत्रं सगळं एकत्र बांधून मिळतं आणि वेबवरचं व्यवस्थापनही चांगलं आहे. पण त्याला स्वतःचं डीएनएस (यंत्राच्या नावावरून पत्ता सांगणारी सेवा) नीट हाती असावं लागतं. आमच्या आवाराचं डीएनएस दुसऱ्या विभागाकडे आहे, आणि एकेका नोंदीसाठी अर्ज करावा लागतो. शिवाय सगळी यंत्रं डेबियनची असताना सर्व्हर एकट्यापुरता वेगळ्या घराण्याचा ठेवायचा तर माझ्यानंतर येणाऱ्याला दोन्ही शिकावं लागेल. ओपनएलडॅप घेतलं.

विद्यार्थी मदतनीस दोघं आहेत, त्यांना सुरुवातीला थोडा इतिहास सांगितला. सन मायक्रोसिस्टिम्सच्या एनआयएसने हेच काम १९८० च्या दशकात केलं. त्याचं पहिलं नाव 'यलो पेजेस'. ब्रिटिश टेलिकॉमच्या व्यापारचिन्हामुळे ते बदलावं लागलं, आज्ञांच्या सुरुवातीला 'वायपी' मात्र राहून गेलं. त्यात पासवर्डांचे हॅश (गुंतवून साठवलेली रूपं) जाळ्यावर उघडे फिरत. एलडॅप (डिरेक्टरीशी बोलायची पद्धत) १९९३ मध्ये मिशिगन विद्यापीठातून आलं, एक्स.५०० या अवजड मानकाचं हलकं रूप म्हणून. आणि १९९८ च्या आरएफसी २३०७ या इंटरनेट दस्तऐवजाने युनिक्सचं खातं डिरेक्टरीत कसं मांडायचं ते ठरवून दिलं: वापरकर्ता क्रमांक, गट क्रमांक, घराचा पत्ता, शेल (आज्ञा घेणारा प्रोग्रॅम). आम्ही आज भरतोय ते रकाने तिथलेच.

संध्याकाळपर्यंत स्लॅपडी (ओपनएलडॅपची सर्व्हरवरची सेवा) चालू झालं. डिरेक्टरीच्या झाडाखाली दोनच फांद्या ठेवल्या, माणसं आणि गट. वर्ष, शाखा, बॅच यांच्या उपफांद्या पाडायचा मोह होतो. पण मुलगा शाखा बदलतो, वर्ष मागे राहतो, आणि मग दरवेळी नोंद उपटून दुसरीकडे लावावी लागते. बदलणाऱ्या गोष्टी गटात ठेवाव्यात.

१८ जून, मंगळवार

अख्खा दिवस टीएलएसवर (जोडणी कूटबद्ध करण्यावर) गेला.

स्वतःचं प्रमाणन केंद्र बनवलं, सर्व्हरचं प्रमाणपत्र सही केलं आणि स्लॅपडीला पत्ता दिला. उत्तर: त्रुटी ८०. या त्रुटीचा अर्थ 'काहीतरी बिघडलं' यापलीकडे काही सांगत नाही. कारणं दोन निघाली. प्रमाणपत्र आणि त्याची खाजगी किल्ली या दोन्ही नोंदी एकाच बदलात द्याव्या लागतात. मी आधी एक, मग दुसरी देत होतो, आणि स्लॅपडी अर्धवट जोडी नाकारत होतं. दुसरं असं की स्लॅपडी 'ओपनएलडॅप' या वापरकर्त्याच्या नावाने चालतं आणि किल्ली ज्या फोल्डरात आहे तिथे फक्त रूट (यंत्राचा सर्वाधिकारी वापरकर्ता) आणि 'एसएसएल-सर्ट' गट यांना शिरता येतं. वापरकर्त्याला त्या गटात घातलं, सेवा पुन्हा सुरू केली, आणि कूटबद्ध जोडणी झाली. पुन्हा सुरू करणं विसरलं तर गटाची नवी सदस्यता लागू होत नाही; त्यात माझा एक तास गेला.

डेबियनचं ओपनएलडॅप ग्नूटीएलएस या कूटबद्धीकरणाच्या संचावर बांधलेलं आहे. इंटरनेटवरच्या बऱ्याच सूचना ओपनएसएसएल हा दुसरा संच गृहीत धरतात. सायफर (कूटपद्धती) निवडीचे शब्द तिथून जसेच्या तसे उतरवले की सेवा उठतच नाही. ती ओळच काढून टाकली, मूळची निवड पुरेशी आहे.

२० जून, गुरुवार

कार्यालयातून विद्यार्थ्यांची यादी आली. ३१२ नावं, २३ रकाने: जन्मतारीख, मोबाईल, आईचं नाव, जात प्रवर्ग, वार्षिक उत्पन्न, सगळं. डेबियनवर ओपनएलडॅप बसवल्यावर मूळ परवानगी अशी असते की पासवर्ड सोडून बाकी सगळं कुणालाही, ओळख न देता, वाचता येतं. मी ती परवानगी घट्ट केली, पण तेवढ्यावर विसंबलो नाही. यंत्रावर बसायला लागत नाही ते डिरेक्टरीत जाणार नाही. २३ पैकी ४ रकाने ठेवले, मूळ फाईल माझ्या यंत्रावरून पुसली. मदतनीस मुलांनाही उरलेले रकाने दाखवले नाहीत. वर्गमित्राच्या घरचं उत्पन्न त्यांना कळायचं काही कारण नाही.

यादीत आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. डिरेक्टरीला आडनाव सक्तीचं आहे, त्याशिवाय नोंदच घेत नाही. यादीत ५ विद्यार्थ्यांच्या दाखल्यावर आडनावच नाही. त्यांच्यासाठी आडनावाच्या जागी स्वतःचं नाव पुन्हा लिहिलं. रिकाम्या जागी 'नाही' किंवा रेघ भरून ठेवायची सूचना आली होती, ती मी मानली नाही. उद्या हेच नाव कुठल्या तरी पडद्यावर दिसणार आहे.

२१ जून, शुक्रवार

नावं देवनागरीत हवीत हा माझा हट्ट. मुलगी लॉगिन करते तेव्हा वरच्या कोपऱ्यात तिचं नाव तिच्या लिपीत दिसायला हवं.

पहिलाच प्रयत्न फसला: त्रुटी २१, मूल्य नियमात बसत नाही. पूर्ण नाव दाखवायचा युनिक्सचा जुना रकाना, जेकॉस, आरएफसी २३०७ मध्ये फक्त आस्की (साध्या इंग्रजी) अक्षरांसाठी आखलेला आहे. 'डिस्प्लेनेम' या रकान्याला मात्र यूटीएफ-८ (देवनागरीही सामावणारं संकेतन) चालतं आणि त्यात एकच मूल्य बसतं, त्यामुळे घोळ नाही. देवनागरी नाव तिथे ठेवलं, आणि यंत्रांवरच्या एसएसएसडीला (डिरेक्टरीला ओळख विचारणाऱ्या सेवेला) एका ओळीत सांगितलं की जेकॉस म्हणून डिस्प्लेनेम वाच. भरणीच्या फायलीत आस्कीबाहेरचं मूल्य बेस६४ (साध्या अक्षरांतलं संकेतन) करून द्यावं लागतं आणि रकान्याच्या नावापुढे एकाऐवजी दोन अपूर्णविरामचिन्हं लागतात. वीस ओळींच्या पायथनने ते केलं.

संध्याकाळी मदतनीस मुलाने नावं शोधून पाहिली तर एक कुऱ्हाडे सापडे, दुसरा सापडेना. डोळ्यांना दोन्ही सारखेच. यादीत एकाच्या नावात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन हलंत केलेला होता, दुसऱ्यात साधा 'र', हलंत आणि न दिसणारा जोडचिन्हाचा संकेत. पडद्यावर चित्र एक, आतले बाइट निराळे, आणि युनिकोडच्या सामान्यीकरणातही दोन्ही एक होत नाहीत. आता भरणीच्या आधी सगळी नावं एकाच पद्धतीवर आणतो. गोऱ्हे, कुऱ्हाडे, वऱ्हाडे या मंडळींच्या नोंदी मी स्वतः डोळ्यांखालून घातल्या.

२५ जून, मंगळवार

यंत्र क्रमांक ३ वर एसएसएसडी बसवलं. ओळख विचारली तर नाव, क्रमांक, गट बरोबर. लॉगिन केलं तर पासवर्ड चुकीचा.

हे कोडं मुलांना समजावून सांगण्यासारखं आहे. 'हा कोण' आणि 'हा खरंच तो आहे का' हे दोन निराळे रस्ते आहेत. पहिला एनएसएसचा: क्रमांकाला नाव, नावाला घर. दुसरा पॅमचा: पासवर्ड तपासणं. आमची प्रमाणन फाईल यंत्रावर चुकीच्या जागी पडली होती, त्यामुळे जोडणी कूटबद्ध होत नव्हती. अशा उघड्या जोडणीवर एसएसएसडी माहिती वाचतं, पासवर्ड मात्र पाठवत नाही. हा नकार योग्य आहे. तपासणी सैल करणारी ओळ अनेक ठिकाणी सुचवलेली दिसते. ती घातली असती तर पाच मिनिटांत काम झालं असतं आणि मधल्या कुठल्याही यंत्राला सर्व्हर असल्याचं सोंग घेता आलं असतं. फाईल जागेवर ठेवली, तपासणी सक्तीचीच राहिली.

एसएसएसडीच्या संरचना फाईलचा मालक रूट आणि परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) नसेल तर सेवा उठत नाही. मॅडमनी सगळ्यांची यादी मागवली तेव्हा त्यात डिरेक्टरीतलं एकही नाव दिसलं नाही, त्यांना वाटलं भरणी झालीच नाही. सगळी यादी एकदम ओढणं मुळात बंद असतं आणि बंदच बरं. एकेक नाव विचारलं की येतं.

प्रत्येक यंत्रावर एक स्थानिक प्रशासक खातं ठेवलंय. शोधाचा क्रम आधी स्थानिक फायली, मग डिरेक्टरी. जाळं पडलं तरी आत शिरता आलं पाहिजे.

२ जुलै, मंगळवार

काल ओपनएसएसएचमधली (दुरून लॉगिन करायच्या प्रोग्रॅममधली) गंभीर त्रुटी जाहीर झाली (सीव्हीई-२०२४-६३८७). डेबियन १२ तिच्या कक्षेत येतं. दुपारपर्यंत ४२ यंत्रं आणि सर्व्हर अद्ययावत. बाकी काम नाही.

४ जुलै, गुरुवार

घरं एनएफएसवर (सर्व्हरची डिस्क जाळ्यावरून वापरू देणाऱ्या पद्धतीवर). सर्व्हरची डिस्क संपूर्ण 'होम' फोल्डरावर जोडली असती तर स्थानिक प्रशासकाचं घर झाकलं गेलं असतं. म्हणून विद्यार्थ्यांसाठी त्याखाली वेगळं फोल्डर, आणि मागितल्यावर फोल्डर जोडणाऱ्या ऑटोएफएसला एकच ओळ: जे नाव मागितलं जाईल त्याचं घर सर्व्हरवरून आण.

पहिल्या लॉगिनला घर आपोआप बनवणारं पॅमचं मॉड्यूल इथे चालत नाही. ते यंत्रावर रूट म्हणून चालतं, आणि सर्व्हर दुरून आलेल्या रूटला 'कुणीच नाही' समजतो. ती सुरक्षा काढायची नव्हती. घरं सर्व्हरवरच स्क्रिप्टने बनवली, परवानगी ७०० (फक्त मालकाला प्रवेश), प्रत्येकी २ जीबीचा कोटा.

एक उणीव जाणूनबुजून ठेवतोय आणि ती इथे लिहून ठेवतो. कर्बेरॉसशिवायच्या एनएफएसमध्ये सर्व्हर समोरच्या यंत्राच्या शब्दावर विश्वास ठेवतो: यंत्र म्हणालं हा २००४५, तर तो २००४५. कुणी स्वतःचा लॅपटॉप प्रयोगशाळेतल्या यंत्राचा आयपी देऊन लावला, तर तो कुणाचंही सोंग घेऊ शकतो. सध्या फक्त ४२ ठरावीक आयपींना वाट दिली आहे, बायोसला पासवर्ड आहे, पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू होत नाही. प्रश्नपत्रिका या घरांत ठेवायच्या नाहीत, असं प्राध्यापकांना लेखी कळवलं. पुढच्या सत्रात कर्बेरॉस.

९ जुलै, मंगळवार

दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या १६ पैकी ७ यंत्रांवर सकाळी लॉगिन होईना. काल संध्याकाळी सगळं ठीक होतं. सर्व्हर पाहिला, जाळं पाहिलं, शेवटी लॉगमध्ये दिसलं: प्रमाणपत्र अजून लागू झालेलं नाही. यंत्रांची घड्याळं कित्येक महिने मागे होती. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मेलेला, त्यात शिपाई मामा रात्री मुख्य स्विच बंद करतात (आणि करायलाच हवा). सकाळी यंत्र उठतं ते जुन्या तारखेत, आणि जूनमध्ये बनवलेलं प्रमाणपत्र त्याला भविष्यातलं वाटतं.

बाहेरची वेळ आणायची तर आवाराच्या फायरवॉलमध्ये १२३ क्रमांकाचं पोर्ट बंद. फक्त आमच्या सर्व्हरसाठी ते उघडून घेतलं. तो दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडून वेळ घेतो आणि ४२ यंत्रं त्याच्याकडून, क्रोनी या घड्याळ जुळवणाऱ्या प्रोग्रॅमने. सुरू होताना फरक कितीही मोठा असला तरी घड्याळ एकदम उडी मारून जुळवायची मुभा दिली, नाहीतर क्रोनी हळूहळू सरकवत बसतं. सोबत सेलही बदलले.

१८ जुलै, गुरुवार

सोमवारी पहिली बॅच बसली. काल आषाढीची सुट्टी, आज सगळ्या बॅचेस झाल्या.

पासवर्ड यादृच्छिक, चिठ्ठ्यांवर छापून, कापून, ओळखपत्र पाहून हातात दिले. पहिल्या लॉगिनला बदलणं सक्तीचं. 'सगळ्यांना जन्मतारीख द्या, सोपं पडेल' असं दोघातिघांनी सुचवलं होतं. वर्गात सगळ्यांना सगळ्यांचे वाढदिवस माहीत असतात.

१०:१५ ला साठ मुलं एकदम आत आली आणि दुसरी प्रयोगशाळा रांगायला लागली. डिरेक्टरीवर भार नगण्य होता. ब्राउझर आपली साठवण घरात लिहितो, घर जाळ्यापलीकडे, आणि त्या खोलीचा स्विच १०० एमबीपीएसचा. साठवण यंत्राच्या स्थानिक डिस्कवर वळवली. नव्या स्विचची मागणी दिली आहे.

२ ऑगस्ट, शुक्रवार

आज मला वाईट वाटलं. ओरलच्या वेळी एका मुलीचं खातं कुलूपबंद. पाच चुकीचे पासवर्ड, १५ मिनिटं बंदी, हा नियम मीच लावलेला. चुकीचे प्रयत्न तिने केलेच नव्हते. शेजारच्या यंत्रावरून कुणीतरी तिचं लॉगिन टाकून मुद्दाम केले. लॉगिन अनुक्रमाने दिलेली, कुणाचंही ओळखता येतं.

अंदाज करून पासवर्ड फोडणाऱ्याला रोखायचं होतं, आणि ते शस्त्र परीक्षेच्या दिवशी दुसऱ्याला अडवायला वापरलं गेलं. बंदी २ मिनिटांवर आणली, चुकांची मर्यादा १० केली. परीक्षा घेणाऱ्या सरांना मी सगळं सांगितलं आणि तिला पूर्ण वेळ मिळाला. आता लॉगमध्ये कोणत्या यंत्रावरून कुणी प्रयत्न केला ते दिसतं. मॅडम त्या मुलाशी बोलल्या. नाव इथे लिहीत नाही.

८ ऑगस्ट, गुरुवार

इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना अर्दुइनो बोर्डावर प्रोग्रॅम चढवता येईना: परवानगी नाही. जुनं 'स्टुडंट' खातं 'डायलआउट' या (बोर्डाचं पोर्ट वापरू देणाऱ्या) स्थानिक गटात होतं, नवी खाती नाहीत. ३१२ जणांना प्रत्येक यंत्रावर गटात घालत बसण्यापेक्षा यूडेव्हचा (जोडलेली उपकरणं हाताळणाऱ्या सेवेचा) नियम लिहिला: बोर्डावरच्या सीएच३४० चिपचा उत्पादक क्रमांक दिसला की यंत्रासमोर बसलेल्याला ते उपकरण द्यायचं. नियमाच्या फाईलचं नाव ७० ने सुरू केलंय, कारण प्रत्यक्ष परवानगी देणाऱ्या ७३ क्रमांकाच्या फाईलआधी ती वाचली गेली तरच परिणाम होतो. गटापेक्षा हे चांगलं: दुरून एसएसएचने आलेल्याला समोरच्याच्या बोर्डाला हात लावता येत नाही.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

दुपारी वीज गेली, यूपीएस चाळीस मिनिटांत बसला आणि सर्व्हर बंद पडला. वीज आल्यावर यंत्रं उठली, सर्व्हर मात्र डिस्क तपासत राहिला. ज्यांनी त्या यंत्रावर आधी लॉगिन केलं होतं त्यांना एसएसएसडीने साठवलेल्या ओळखीवर आत घेतलं, पण घरच नाही, त्यामुळे उपयोग शून्य.

डिरेक्टरीची प्रतिकृती एका जुन्या डेस्कटॉपवर उभी केली, सिंकरेपल या ओपनएलडॅपच्याच सोयीने. यंत्रांच्या संरचनेत दोन्ही पत्ते दिले. पहिला सर्व्हर मुद्दाम बंद करून तपासलं, ओळख चालू राहते. घरांची दुसरी प्रत रोज रात्री तिथेच जाते, पण ती हाताने जोडावी लागते. जोडायची पद्धत छापून दारामागे लावली.

५ सप्टेंबर, गुरुवार

गणपतीच्या सुट्टीआधी बॅकअप खरंच उभा राहतो का ते पाहिलं. रिकाम्या यंत्रावर स्लॅपकॅटच्या (डिरेक्टरी फाईलमध्ये उतरवणाऱ्या आज्ञेच्या) दोन्ही फायली घेतल्या, संरचनेची आणि माहितीची. नुसती माहिती घेऊन ठेवणारे बरेच भेटतात. संरचनेशिवाय परवानग्या आणि पासवर्डचे नियम पुन्हा आठवून लिहावे लागतात. भरणी झाली, सेवा उठेना. रूट म्हणून भरलं की फायलींचा मालक रूट राहतो आणि स्लॅपडीला त्या उघडता येत नाहीत. मालक बदलला, सेवा उठली. ३१२ विद्यार्थी, १९ कर्मचारी, सगळे क्रमांक जुळले. एकूण वेळ २६ मिनिटं, त्यातली १० मालकीच्या प्रकरणात. ती पायरी आता सूचनेत ठळक लिहिली आहे.

प्रशासकाचा पासवर्ड बंद पाकिटात मॅडमच्या कपाटात ठेवला. जुनं 'स्टुडंट' खातं आज संध्याकाळी ४२ यंत्रांवरून काढलं. त्यातल्या फायली सत्र संपेपर्यंत सर्व्हरवर, फक्त वाचता येतील अशा, ठेवल्या आहेत. यंत्र १७ चा फोल्डरही.